आप्पांना कावळा शिवेना

त्या सोमवारी भाईदास आप्पा सकाळपासून तीन वेळा मेले, आणि तिन्ही वेळा कुणाच्या तरी हसण्यानं उठून बसले.

सुरतेच्या डिंडोली भागातल्या त्यांच्या घरासमोर अंगणात चटई टाकली होती. चटईवर आप्पा, अंगावर पांढरी चादर, नाकात कापूस. उशाशी हर्षदा बसली होती. ही अडाजणला राहणाऱ्या बँकेतल्या साहेबांची मुलगी. ललितच्या वर्गात होती आणि सिनेमात आप्पांची मुलगी झाली होती. समोर लोटू कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा होता. त्याच्या मागं आप्पांचा खरा नातू ललित. सिनेमा त्याचा होता.

"रड," ललित म्हणाला.

हर्षदानं ओढणी तोंडाशी नेली. "बाबा! तुम्ही मला सोडून का गेलात, बाबा?"

ओट्यावर बसलेल्या बायका फिस्सकन हसल्या. त्यात शेजारच्या इंदुबाईचा आवाज सगळ्यांत मोठा. "व माय! ही पोरगी रडतेय का पत्ता इचारतेय?"

चादरीखाली आप्पांचं पोट गदगदलं. ते उठून बसले, नाकातला कापूस काढला आणि घराकडं तोंड करून म्हणाले, "उषा, चहा टाक. मी पुन्हा मरतो तवर उकळंल."

कॉलेजांच्या स्पर्धेसाठी दहा मिनिटांचा सिनेमा करायचा होता. ललितनं गोष्ट स्वतः लिहिली होती. एक म्हातारा कारागीर कापडाचा शेवटचा ताका विणून लूम बंद करतो, घरी येतो आणि त्याच रात्री जातो. नाव 'शेवटचा ताका'. आप्पांनी चाळीस वर्षं लूम चालवला होता, त्यामुळं कारागिराचं काम त्यांना शिकवावं लागलं नाही. मरायचं तेवढं शिकवावं लागलं.

ललितचा बाप म्हणजे आप्पांचा मुलगा काशिनाथ. घरात त्याला नाना म्हणत. काशिनाथ उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कामाला होता आणि पोरानं कॅमेऱ्यामागं उभं राहणं त्याला मुळीच पटत नव्हतं. सुरतेबाहेर सचिन गावी एक नवीन खातं निघालं होतं. तिथल्या मास्तरला, म्हणजे मुकादमाला, सांगून त्यानं ललितसाठी एक जागा धरून ठेवली होती. ललितनं हातापाया पडून मुदत मागितली, तेव्हा तो म्हणाला होता, "घट बसंपर्यंत काय ते कर. सिनेमा पुरा झाला आणि पाहून एक जरी माणूस रडला, तर मी मास्तरला नाही म्हणून सांगतो. नाही झाला, तर घटाच्या दिवशी डबा घ्यायचा आणि सचिनची गाडी धरायची."

घट चार दिवसांवर आले होते आणि सिनेमात अजून कुणी रडलं नव्हतं.

कॅमेरा लोटूचा. लोटू लग्नाची शूटिंग घ्यायचा. पितृपक्षात लग्नं नसतात म्हणून कॅमेरा रिकामा होता, म्हणून तो ललितला मिळाला. घट बसले की लोटू नऊ रात्री गरब्याला जाणार होता. लोटू मनाचा चांगला, पण हाताला वळण लग्नाचं. म्हातारा लूम बंद करतो त्या प्रसंगात त्यानं मध्येच कॅमेरा फिरवून भिंतीवरची भांडी घेतली होती. आज सकाळी पहिल्यांदा आप्पा मेले तेव्हा त्यानं सवयीनं सांगितलं, "आप्पा, इकडं बघा. थोडं हसा." आप्पा हसले.

सोमवार धरण्याचंही कारण होतं. आजूबाजूच्या गाळ्यांतले लूम इतर दिवशी असे खडखडायचे, की माणसानं माणसाच्या कानात ओरडावं तेव्हा ऐकू जावं. सोमवारी त्या भागाचा लाईट बंद असायचा, म्हणून लूम बंद, म्हणून शांतता. पण लाईट बंद म्हणजे लोटूचा मोठा दिवाही बंद आणि बॅटरी भरायची सोयही बंद. दिव्याचं ललितनं जमवलं. त्यानं बायकांच्या हातात स्टीलची ताटं दिली आणि ऊन आप्पांच्या तोंडावर पाडलं. बॅटरीला मात्र इलाज नव्हता. लोटूनं ती कानाजवळ नेऊन हलवून पाहिली, जणू आत किती उरलंय ते ऐकू येणार होतं.

"एका रडण्याइतकी आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या रडण्याला पुरणार नाही."

आता रडणं म्हटलं की डिंडोलीत एकच नाव होतं. कुणाच्या घरी काही झालं, तर पहिला निरोप इंदुबाईला जायचा आणि दुसरा नातेवाइकांना. इंदुबाई गेलेल्या माणसाचे गुण असे लावून लावून म्हणायची, की ज्यांचं त्याच्याशी भांडण होतं तेही डोळे पुसायचे. ललित तिच्यासमोर उभा राहिला.

"मावशी, तुम्हीच रडा ना."

इंदुबाईनं ताट खाली ठेवलं. "जित्या माणसावर? नही रे भो. उद्या आप्पा खरंच गेले, तर लोक म्हणतील, इंदीनं आधीच रडून ठेवलं होतं."

"माझी काही हरकत नाही," आप्पा चादरीतून म्हणाले.

"तुमची नसंल. देवाची शे."

तेवढ्यात ललितची आई, उषाबाई, चहा घेऊन बाहेर आली. तिची दोन्हीकडून ओढ होती. नवऱ्याचं ऐकावं तर पोरगा रुसतो आणि पोराचं ऐकावं तर नवरा जेवत नाही. ती कपबशी आप्पांच्या हातात देत म्हणाली, "इंदे, मागच्या साली किसनच्या मावशीवर रडली का नही तू? ती समोर बसून तंबाखू मळत होती."

"ते येगळं. तिच्या डोक्याला कावळा शिवला होता."

मग एकेकाची नजर आप्पांच्या टोपीकडं गेली.

"कावळ्याचं काय?" हर्षदानं हळूच विचारलं.

ललितनं तिला बाजूला घेऊन सांगितलं. "आमच्याकडं कावळा डोक्याला शिवला, तर त्या माणसावर अरिष्ट आहे असं धरतात. मग तो मेला म्हणून नातेवाइकांना खोटी बातमी द्यायची. ते खरं समजून रडले, की मरणाला वाटतं इथलं काम झालं, आणि ते निघून जातं."

"मरणाला कळत नाही?"

"रडणं चांगलं असलं, तर नही कळत," इंदुबाई म्हणाली.

म्हणजे आप्पांना कावळा शिवला की इंदुबाईला रडायला मोकळीक होती. एवढंच करायचं होतं. आप्पा स्वतःच शिडीकडं निघाले. उषाबाईनं टोपीवर भज्याचा तुकडा ठेवला, आणि आप्पा गच्चीवर पाट टाकून मांडी घालून बसले. बाकीचे टाकीच्या आडोशाला. लोटूनं बॅटरी वाचवायची म्हणून कॅमेरा बंदच ठेवला.

पण दिवस पितरांचे होते. सगळ्या सुरतेत गच्च्यांवर पानं वाढलेली. आपल्या खानदेशी लोकांची खीर, वडे, कढी. मागच्या गुजराती सोसायटीत दूधपाक आणि पुरी. कावळे त्या पंधरवड्यात जावयासारखे वागत. एक कावळा कठड्यावर येऊन बसला. त्यानं मान वाकडी करून आप्पांच्या टोपीवरचं भजं पाहिलं, चोच कठड्याला पुसली आणि तो दूधपाकाकडं उडून गेला.

दुसरा आला. तोही गेला. ऊन चढायला लागलं.

"आप्पा, हलू नका," ललित म्हणाला.

"हलत नाही रे. मान आखडली."

इंदुबाई पुढं सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "काहीतरी इच्छा राहिली असंल त्यांची. त्याबिगर कावळा असा करत नही."

"अगं, मी मेलो नाही अजून!" आप्पा ओरडले.

"मेल्यावर इचारून काय फायदा? तवा तुम्ही सांगणार शे का?"

दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचे लोक पुढं होऊन शब्द देतात, तुझं हे करू, तुझं ते करू. इथं सोय अशी होती की पिंडच बोलत होता. आप्पांनी जरा विचार केला.

"उषानं माझ्या चहातली साखर कमी केली," ते म्हणाले.

"डॉक्टरानं सांगितलं होतं!" उषाबाई म्हणाली.

"डॉक्टर येणार शे का कावळा बोलवायला?"

उषाबाईनं नाइलाजानं कठड्याकडं हात जोडले. "बरं. कावळा शिवला, तर पहिल्यासारखी घालीन."

कावळा आला नाही.

"इंदे, तुझ्या नवऱ्यानं माझा अडकित्ता नेला. दिवाळीला. कोणती दिवाळी ते विचारू नको."

"सांजला आणून देते," इंदुबाई म्हणाली. तिचा आवाज उतरला, कारण तो अडकित्ता तिनं बहिणीला देऊन टाकला होता.

आप्पांना आता बसल्या जागी मजा वाटायला लागली. "आणि हा लोटू! माझ्या पुतणीच्या लग्नाची एवढी मोठी कॅसेट काढली यानं. त्यात मी एकदाच दिसतो. तेही पाठमोरा, ताटात वाकलेला."

"पुढच्या लग्नात तुमच्यावर कॅमेरा ठेवतो, आप्पा," लोटू म्हणाला. "नवरदेवापेक्षा जास्त."

कठड्यावरचा एक कावळा दोन उड्या मारून जवळ आला.

"सरकला!" हर्षदा कुजबुजली. तीही आता यात पुरती शिरली होती. "आप्पा, अजून बोला!"

आप्पांनी मात्र आता चेष्टा सोडली. टोपीवरचं भजं उन्हात तेल सोडत होतं. ते म्हणाले, "एक राहिलं शे. ललितला सचिनला पाठवू नये. मी चाळीस वर्षं लूम ऐकला, माझा एक कान गेला. काशिनाथला बी आता दोनदा सांगावं लागतं. घरात एक तरी नीट ऐकणारा ठेवा."

हा शब्द द्यायचा तो काशिनाथनं. आणि काशिनाथ नेमका त्याच वेळी शिडी चढत होता. त्या दिवशी त्याच्या आईचं, म्हणजे आप्पांच्या बायकोचं, पित्तर होतं. घरात स्वयंपाक झाला होता आणि कावळ्यासाठी वाढलेलं पान घेऊन तो वर येत होता. एक हात शिडीला, म्हणून पान डोक्यावर धरलेलं. वर काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता, पण बापाचा शेवटचा शब्द त्याच्या कानावर आला. लूमवरची माणसं साधंही ओरडून बोलतात. काशिनाथ शिडीवरूनच गरजला.

"ते होणार नाही, आप्पा! पोरगा घटाला सचिनला जाईल म्हणजे जाईल!"

त्याच्या त्या आवाजानं कठड्यावरचा कावळा उडाला. उडता उडता त्याला पानावरचा वडा दिसला. त्यानं झेप घेतली, पान कलंडलं, खीर काशिनाथच्या कपाळावरून ओघळली, आणि कावळ्याचे दोन्ही पाय त्याच्या टकलावर टेकले. नुसते टेकले नाहीत. वडा नीट धरेपर्यंत तो तिथं उभा राहिला.

मग तो उडाला.

काशिनाथच्या टकलावर एक बारीक लाल रेघ उमटली होती आणि त्याचा चेहरा खिरीपेक्षा पांढरा झाला होता.

आप्पांनी सावकाश टोपी काढली, त्यावरचं भजं खाल्लं आणि म्हणाले, "पाहिलं? तुझी माय होती. जित्ती होती तवाही आधी तुलाच वाढायची."

आतापर्यंतचा खेळ होता, पण हा कावळा कुणी बोलावलेला नव्हता. काशिनाथ एरवी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. आता मात्र तो शिडीवरच उभा राहून म्हणाला, "इंदुबाई, आता कसं?"

इंदुबाईनं पदर खोचला. "आता कसं म्हणजे? खाली या, आणि गुपचूप मरा."

मग सगळं भराभर झालं. काशिनाथची बहीण अमळनेरजवळ दिलेली. तिचं रडणं सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून ललितला एसटीडी बूथवर पिटाळलं. बातमी खरी वाटली पाहिजे अशी इंदुबाईची ताकीद होती. ललितनं गावच्या पाटलांच्या घरी फोन लावला आणि म्हणाला, "आत्याला सांगा, नाना गेले." आणि आवाज खरा यावा म्हणून प्रयत्न करायला गेला, तर तो आपोआपच खरा आला. प्लेगच्या सालापासून सुरतेहून वाईट बातमी आली की गावाकडं कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. पाटलांनी फोन ठेवला. बूथवाल्यानं ललितच्या पाठीवरून हात फिरवला आणि पैसे घेतले नाहीत.

तो परत आला तर चटईवर काशिनाथ आडवा होता. अंगावर तीच चादर, नाकात तोच कापूस. इंदुबाई नियम सांगत होती. "बोलायचं नही. डोळे उघडायचे नही. रडणं होईपर्यंत हूं की चूं केलं, तर मरणाला कळंल. मग माझ्याकडं यायचं नही."

ललित चटईजवळ उभा राहिला. बाप मेलेला, रडायला इंदुबाई तयार, कॅमेऱ्यात एका रडण्याची बॅटरी, चारी बाजूंनी शांतता. फक्त मेलेला माणूस चुकीचा होता.

"आता काय करायचं?" तो म्हणाला. "सिनेमात मरतात आप्पा."

"मग आप्पांना जिवंत ठेव," हर्षदा म्हणाली. "म्हातारा शेवटचा ताका विणून घरी येतो, आणि घरी मुलगा गेलेला असतो."

ललितनं बापाकडं पाहिलं. "नाना, घेऊ का?"

काशिनाथनं एक डोळा उघडला. "इथं माझ्या जिवाचं चाललंय आणि तुला सिनेमा सुचतो?"

"घेऊ द्या हो," इंदुबाई म्हणाली. "कॅमेऱ्यात आलं, तर मरणाचाही इश्वास बसंल."

हे काशिनाथला पटलं. त्यानं डोळा मिटला.

बायकांनी ताटं धरली. ऊन काशिनाथच्या चेहऱ्यावर पडलं. लोटू "इकडं बघा" म्हणणार होता, पण ललितनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. इंदुबाईनं एकदा खाकरून घसा साफ केला, आणि मग तिनं असा हंबरडा फोडला, की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली.

"काशिनाथ भो, डबा भरेल शे तुना, आते कोण खाई रे! सायकल उभी शे दारशी, आते कोण बठी रे!"

उषाबाई आधी रीत म्हणून रडत होती. पण डबा म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं तो डबा आला असावा. रोज पहाटे भरलेला, रोज रिकामा परत आलेला. ती नवऱ्याच्या छातीवर पडली आणि मोठ्यानं म्हणाली, "मला एकदा बी डुमसला नेलं नाही हो! समुद्र दाखवतो म्हणत होते! लग्न झाल्यापासून म्हणत होते!"

काशिनाथची पापणी थरथरली, पण तो बोलला नाही.

आप्पांना ललितनं काहीच सांगितलं नव्हतं. ते खांबाला टेकून बसले होते. आपलं मरण हातचं गेलं म्हणून जरा नाराजच होते. पण रडणं चढत गेलं तसे ते सरकत सरकत चटईपाशी आले आणि त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला, जिथं ती लाल रेघ होती तिथं. अंगठ्यानं खिरीचा वाळलेला डाग पुसत राहिले. नंतर विचारलं, तर म्हणाले की डोळ्यांत ऊन गेलं होतं.

लोटूचा कॅमेरा पहिल्यांदाच कुठं न हलता एका जागी होता. लोटू स्वतः रडत होता.

एवढ्यात गल्लीत सायकल वाजली. काशिनाथच्या बरोबर खात्यात काम करणारा किसन तंबाखूची पुडी द्यायला आला होता. त्यानं ते दृश्य पाहिलं आणि सायकल हातातून पडली. तो धावत आला, काशिनाथच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके द्यायला लागला. "काल तं जोडीनं घरी आलो रे! मलाच म्हणला, किसन, तुझा रंग बरा दिसत नही, जप! आणि तूच गेला रे!"

ललितनं ओळखलं, असा प्रसंग लिहून जमला नसता. कुणीतरी किसनला खरं सांगायला उठत होतं. ललितनं हातानं खूण केली, थांबा. काशिनाथला चादरीखालून किसनला लाथ मारावीशी वाटत होती, पण नियम नियम होता. किसननं डोळे पुसले, तंबाखूची पुडी मेलेल्या माणसाच्या उशाशी ठेवली, सायकल उचलली आणि तो मान खाली घालून निघून गेला.

त्याच क्षणी कॅमेरा टूं करून बंद पडला.

"झालं," लोटू नाक ओढत म्हणाला. "संपली बॅटरी."

काशिनाथ ताडकन उठून बसला. "किसनला थांबवा!"

ललित कोपऱ्यापर्यंत पळाला. किसन दिसला नाही.

"जाऊ दे," काशिनाथ म्हणाला. "उद्या खात्यात गेलो की मला पाहीलच."

पण उद्या त्याला जाता आलं नाही. पहाटेच्या पॅसेंजरनं त्याची बहीण आली, तिच्याबरोबर दीर, जावा, शेजारी आणि गावच्या पाटलांचा भाऊ आला. सगळे स्टेशनपासून रडतच आले होते. काशिनाथ ओट्यावर बसून दात घासत होता. बहिणीनं त्याला पाहिलं, आधी गळ्यात पडली, मग चपलेनं बडवला, मग पुन्हा गळ्यात पडली. कावळ्याचं कळल्यावर सगळ्यांनी मान्य केलं की बरोबर केलं. आता आलोच आहोत तर पित्तरांचं जेवूनच जाऊ, असंही ठरलं. काशिनाथ दिवसभर बाजारातून भाजी आणत राहिला.

बुधवारी तो खात्यात गेला. दारातच शेठ भेटला. शेठच्या हातातला चहाचा पेला तिरका झाला.

"काशिनाथ? अरे, तमे तो गुजरी गया!"

आत काशिनाथच्या लूमवर एक नवीन उडिया कारागीर उभा होता. लूम काही सुतक पाळत नाही. किसननं मंगळवारी बातमी दिली, शेठला वाईट वाटलं, आणि दुपारपर्यंत माणूस मिळाला. आता त्याला काढायचं तर तोही दूरच्या गावाहून पोटासाठी आलेला. शेठनं पुन्हा पुन्हा हात जोडले, पण जागा नव्हती.

किसन लूममागं लपला होता. काशिनाथनं त्याला ओढून बाहेर काढलं, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "भो, तुझ्यासाठी दोन मिनिटं सगळं खातं बंद ठेवलं. शेठच्या बापासाठी बी ठेवलं नव्हतं."

हे ऐकून काशिनाथ रागवायचं विसरला. "खरंच? सगळं?"

"सगळं. एक धोटा हलला नाही."

त्या रात्री जेवताना काशिनाथनं भाकरी मोडली आणि कुणाकडं न बघता म्हणाला, "सचिनच्या मास्तरनं एकच जागा धरून ठेवली शे."

ललितचा घास हातात राहिला.

"एका जागेवर दोन माणसं कशी जातील?" काशिनाथ म्हणाला. "मला लूम येतो, तुला येत नाही. मीच जातो."

घटाच्या दिवशी सकाळी उषाबाईनं डबा भरला. काशिनाथनं तो घेतला आणि सचिनची गाडी धरली.

स्पर्धेचा दिवस आला तेव्हा तो पाळीवरून तसाच कॉलेजच्या हॉलमध्ये आला, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन. आप्पा, उषाबाई, इंदुबाई पुढच्या रांगेत होते. सिनेमा लागला. इंदुबाईनं पडद्यावर हंबरडा फोडला आणि हॉलमध्ये रुमाल निघाले. आप्पांचा अंगठा पोराच्या टकलावर फिरायला लागला तेव्हा मागच्या रांगेतल्या एक प्राध्यापक बाई उठून बाहेर गेल्या. उषाबाई डुमसचं ओरडली तेव्हा मात्र काशिनाथनं इकडंतिकडं पाहून मान खाली घातली. पहिलं बक्षीस दुसऱ्याच सिनेमाला मिळालं. पण परीक्षकांनी ललितला बोलावून विचारलं, "ते मेलेल्याचं काम केलेले गृहस्थ कोण? किती सहज केलंय!"

परतताना सगळे एका रिक्षात कोंबून बसले. ललित बापाच्या बोलण्याची वाट पाहत होता. उधन्याचा पूल गेला. शेवटी ललितनंच विचारलं, "नाना, कसा वाटला?"

"लोक रडले," काशिनाथ म्हणाला. "ते ठरल्याप्रमाणं झालं. पण किसन पाया पडला तवा माझं पोट हललं."

"कुणाला दिसलं नाही."

"मला दिसलं. पुन्हा घ्यावं लागंल."

"पुढच्या वेळी मी मरणार," आप्पा मध्येच म्हणाले. "माझा नंबर होता. आणि उषा, साखरेचं काय झालं?"

"कावळा तुम्हाला शिवला का? नही ना? मग?" उषाबाई म्हणाली, आणि नवऱ्याकडं वळली. "तुम्हाला सचिनला रविवारी सुट्टी शे ना? डुमसची बस स्टेशनावरून सुटते म्हणे."

काशिनाथनं नुसती मान हलवली. तो अजून त्या पोटाचाच विचार करत होता. डिंडोलीचं वळण आल्यावर तो ललितला म्हणाला, "लोटूला सांग, पुढच्या पित्तरांत कॅमेरा दुसऱ्या कुणाला देऊ नको म्हणावं. आणि या वेळी मी सचिनच्या मास्तरला आधीच सांगून ठेवतो, की दोन दिवस मी मेलेला असेन, माझ्या लूमवर माणूस ठेवू नका."